सोलणारीच्या हातचा घास

आर्टिचोक या परदेशी भाजीचा हंगाम आला की डबाबंद भाज्यांच्या कारखान्यातल्या बायकांचे हात काळे पडत. मुठीएवढं हिरवं बोंड उचलायचं, बाहेरच्या राठ पाकळ्या ओरबाडायच्या, आतली कुसळं सुरीने खरवडायची आणि उरलेला मऊ गाभा लिंबाच्या पाण्यात टाकायचा. गाभा पांढरा राही. हातांकडे कोण बघतो? हातमोज्यात सुरी घसरे, म्हणून त्यांतली एक, जिला घरी नणंद वहिनी म्हणे, ती उघड्या हातांनीच सोलायची.

घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. झटक्याने उजवी बाजू लुळी पडली होती, वाचाही गेली होती. दिवसा त्याची बहीण त्याचं सगळं करी. संध्याकाळी वहिनी कामावरून येऊन दुधात पाव कुस्करून त्याला भरवायला बसे. पहिल्याच घासाला तो तोंड वेडंवाकडं करी आणि मान भिंतीकडे फिरवी. बहिणीच्या हातून मात्र मुकाट जेवे.

असे बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी वहिनीचा बांध फुटला.

"उभं राहून राहून पायांचे खांब झालेत माझे. आणि यांना घास गोड लागतो तो बहिणीच्या हातचा! अहो, माझं चुकलं तरी काय?"

त्याने बोलायचा प्रयत्न केला. घशात नुसती घरघर झाली, डोळे भरून आले.

"दादा, असं काय करतोस रे? बघ, मी खाऊन दाखवते," म्हणत नणंदेने त्याच ताटलीतला घास तोंडात टाकला आणि धावत मोरीशी जाऊन थुंकली.

"अगं आई गं! कडू जहर! काय कालवलंस यात?"

"दूध आणि पाव. दुसरं काय?"

वहिनीने चाखून पाहिलं. तिला काहीच वेगळं लागलं नाही. हंगामभर तो कडूपणा तिच्या जिभेवरच मुक्कामाला होता. नणंदेने तिचा हात ओढून बोटाला जीभ लावली.

"वहिनी, हे बघ. तुझी बोटं! त्या बोंडांचा कडू चीक!"

वहिनीने काळी पडलेली बोटं पदराला पुसून पाहिली. रडावं की हसावं कळेना. मग तिघंही हसली. तो अर्ध्याच तोंडाने.

नणंदेने दुसरं दूध आणि चमचा आणला. वहिनी भरवायला सरसावली, तेवढ्यात त्याने डाव्या हाताने चमचा घेतला. अर्धं दूध गोधडीवर सांडलं.

"मी पुसते," नणंद म्हणाली.

"राहू दे गं," वहिनी म्हणाली. "जेवतायत ना, जेवू देत." भिंतीला टेकून ती बघत राहिली आणि बघता बघता तिचा डोळा लागला.