फळ्यावरचे चारशे तीस

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शशिकलाबाई कर्णिक सेहेचाळिसाव्या वर्षी जिममध्ये गेल्या त्या डॉक्टरांच्या धाकाने, आणि रमल्या त्या एका सायकलीमुळे.

साल पंचाण्णव. उलव्याच्या भावेश ठाकूरने वडाळे तळ्याजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जिम काढली होती. घरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर राबलेले. मिठागर गेल्यावर भावेशने शरीर कमावलं आणि मग हा उद्योग मांडला. सकाळी साडेसहाची बॅच फक्त बायकांची होती. डंबेल्स, दोरीच्या उड्या आणि खिडकीपाशी ती सायकल, मुंबईहून आणलेली. तिला चाकं नव्हती, पण हँडलच्या मध्ये हाताच्या पंजाएवढा पडदा होता. पेडल मारायला लागलं की त्यावर आकडे पळायचे: किती वेळ झाला, किती अंतर झालं, आणि सगळ्यांत खाली, किती कॅलरी जळल्या.

पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात बाईंचे तीनशे बारा झाले. त्या खाली उतरल्या तेव्हा पाय लटपटत होते, आणि चेहरा मात्र दहावीचा निकाल हातात पडल्यासारखा फुलला होता. लहानपणी शाळेत त्या लंगडीतसुद्धा पहिल्या फेरीत बाद व्हायच्या. आज त्यांच्या देहाने काहीतरी करून दाखवलं होतं आणि ते आकड्यात लिहून आलं होतं.

भावेशने दाराशी फळा लावला. रोजचा सर्वांत मोठा आकडा आणि त्यापुढे नाव. दिवाळीपर्यंत जिचं नाव सर्वांत जास्त वेळा लागेल तिचा सत्कार. बँकेत नोकरी करणारी रुचिरा पहिला आठवडा पुढे होती. मग बाईंना युक्ती सापडली. पेडल घट्ट करायचं बटण पार सैल सोडलं की पाय भिंगरीसारखे फिरतात आणि आकडा सुसाट धावतो. तीनशे साठ, तीनशे नव्वद, आणि एका मंगळवारी चारशे तीस. फळ्यावर सलग अकरा दिवस त्यांचंच नाव राहिलं.

घरी यजमान कमलाकर रोज विचारायचे, "आज किती?"

"चारशे तीस."

"मग दोन पुऱ्या जास्त घे. जळाल्यात म्हणतेस ना."

बाई घ्यायच्या. रविवारी श्रीखंडाची वाटीही दुसऱ्यांदा भरायच्या. जळालेल्यातून खाल्लेलं वजा करायला काय लागतं, त्या तर पाढे पाठ असलेल्या बाई.

दोन महिन्यांनी त्या काट्यावर उभ्या राहिल्या. सहासष्ट किलो होत्या, त्या अडुसष्ट झाल्या होत्या. बाईंनी खाली उतरून काटा शून्यावर आहे का ते पाहिलं, पुन्हा चढल्या. अडुसष्टच.

दुसऱ्या दिवशी त्या लवकर पोचल्या. जिममध्ये झाडलोट करणारी रंभा एकटीच होती. पन्नाशीला टेकलेली, बेलपाड्याची, अंगाने काटकुळी. ती सायकल पुसत होती. फडक्याने पेडल पुसताना तिने ते हातानेच गरागरा फिरवलं आणि पडद्यावर आकडे उजळले. बाई तिथेच थबकल्या.

"रंभा, परत फिरव बघू. जोरात."

"काय झालं बाई? मोडलं काय?"

"नाही गं. फिरव तू."

रंभाने एका हाताने पेडल फिरवलं, दुसऱ्या हातात फडकं तसंच होतं. दोन मिनिटांत पडद्यावर अठ्ठावीस कॅलरी आल्या. तिला घामही आला नव्हता.

बाईंना उमगलं. यंत्र फक्त फेऱ्या मोजत होतं. बसणारी बाई पंचेचाळीस किलोची आहे की नव्वद, बटण घट्ट आहे की सैल, याची त्याला गंधवार्ता नव्हती. अकरा दिवस फळ्यावर झळकलेलं नाव हवेत पाय फिरवून मिळवलेलं होतं. क्षणभर त्यांना वाटलं, गप्प बसावं. दिवाळीला तीनच आठवडे राहिले होते. पण त्याच क्षणी डोक्यात दुसरंच चक्र फिरायला लागलं होतं: मग खरा आकडा किती? आणि तो काढायचा कसा? कितीतरी वर्षांत एखाद्या प्रश्नाने त्यांना असं दंडाला धरून उठवलं नव्हतं.

त्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडलाच नाही. प्रयोगवहीत आकडेमोड करत बसल्या. माणूस जिना चढतो तेव्हा स्वतःचं वजन तेवढ्या उंचीवर नेतो, म्हणजे काम किती झालं ते चोख काढता येतं. शरीर जे जाळतं त्यातला जेमतेम चौथा हिस्सा कामाला लागतो, बाकीच्याची उष्णता होते. खाण्यातली एक कॅलरी म्हणजे सुमारे चार किलोज्यूल, त्यामुळे हिशोब मांडता मांडता त्यांच्या लक्षात आलं की चढण्याचं एक किलोज्यूल काम म्हणजे साधारण एक कॅलरी. इतकं सोपं निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भावेशला सगळं सांगितलं. तो खाली बघत ऐकत राहिला.

"म्हंजे माझी सायकल खोटारडी हाय?"

"सायकल चांगली आहे रे. तिचा मीटर माणसाला ओळखत नाही, एवढंच. माझे चारशे तीस खोटे आहेत. आधी तेच पुस."

"मॅडम, लोक हसतील आमाला. आकडा बघून तर बायका येतात."

"खरा आकडा दे की मग. मला टेप, घड्याळ आणि जिना दे."

भावेशने मान खाजवली, आणि टेप आणायला गेला.

साऱ्या बॅचने डंबेल्स टाकली आणि जिन्यात गर्दी केली. भावेश पायऱ्या मोजत गेला, रुचिराने टेपचं दुसरं टोक धरलं. साठ पायऱ्या, दहा मीटर उंची. मग बाईंनी पदर खोचला आणि चढायला लागल्या. वर, खाली, पुन्हा वर. चौथ्या फेरीला छाती धपापायला लागली, आठव्या फेरीला बायका टाळ्या वाजवायला लागल्या. अर्ध्या तासात बारा फेऱ्या. रुचिराने मनगट धरून नाडी मोजली: एकशे बत्तीस. चढण्याच्या ऐंशी कॅलरी, उतरण्याच्या पंचवीस-सव्वीस, आणि नुसतं जिवंत राहायला लागतात त्या वेगळ्या. सगळ्या मिळून एकशे पस्तीसच्या आसपास.

दुसऱ्या दिवशी त्याच बाई सैल सायकलीवर अर्धा तास बसल्या. पडद्यावर चारशे सतरा. नाडी फक्त अठ्ठ्याण्णव. बाईंनी कागदावर आडवी नाडी आणि उभ्या कॅलरी मांडून दोन ठिपके काढले, एक बसल्या जागचा आणि एक जिन्याचा, त्यांना जोडणारी रेघ ओढली आणि अठ्ठ्याण्णवावर बोट ठेवलं.

"पंच्याहत्तर," त्या म्हणाल्या.

रुचिरा आधी हसली आणि मग तिचा चेहरा पडला. "म्हणजे माझेही तेवढेच?"

"तुझी रेघ वेगळी. चल, जिना चढ."

त्या आठवड्यात जिममध्ये जत्रा भरल्यासारखं झालं. प्रत्येकीचा जिना, प्रत्येकीची नाडी, प्रत्येकीची रेघ. बायका एकमेकींची मनगटं धरून ठोके मोजत होत्या. कुणाचा आकडा साठ निघाला, कुणाचा नव्वद, आणि गंमत म्हणजे एकही जण जिम सोडून गेली नाही. संध्याकाळच्या बॅचच्या पुरुषांनीही भावेशकडे जिना मागितला.

असंच एका सकाळी रुचिरा चढत असताना खालून रंभा आली. डोक्यावर पाण्याचा हंडा, कमरेवर कळशी. नळाचं पाणी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढत नव्हतं, म्हणून रोज ती खालून भरून वर नेत होती. बायका भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. रंभा न थांबता निघून गेली. बाई तिच्यामागोमाग वर गेल्या.

"रंभा, दिवसाच्या किती खेपा करतेस?"

"बावीस. कदी चोवीस."

"आणि वेळ किती लागतो?"

"तासभर लागतो. कशाला?"

बाईंनी तिला काट्यावर उभं केलं, आधी हंडा-कळशीसकट, मग रिकामी. एकोणसत्तर आणि सत्तेचाळीस. तिथेच भिंतीला वही टेकवून त्यांनी गणित केलं, पुन्हा तपासलं, आणि मान वर केली.

"दोनशे चाळीस. आपल्यातल्या कुणाच्याही रोजच्या आकड्याच्या वर."

भावेशने खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: रंभा, दोनशे चाळीस. बायकांनी टाळ्या वाजवल्या. रंभाने पदराला हात पुसले, फळ्याकडे पाहिलं. तिला अक्षरं वाचता येत नव्हती, आकडे येत होते.

"येवढं जळतं माझं रोज?"

"हो."

"मग भावेशदादा, तुमी मोटार बसवा. माझं नाय जळलं तरी चालंल."

सगळे हसले, भावेशही हसला, पण त्याचे कान लाल झाले. आठवड्याच्या आत मोटार बसली. पाणी वरच्या टाकीत पडताना धबधब्यासारखा आवाज आला तेव्हा रंभा नळ सोडून नुसती बघत उभी होती.

दिवाळीचा सत्कार रुचिराला मिळाला, खऱ्या आकड्यांवर. बाई पाचव्या आल्या. पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. तासाभरात दोनशे चाळीस, हा आकडा बायकांच्या बॅचमध्ये अजून कुणी ओलांडला नव्हता; अर्ध्या तासापुढे कुणी टिकतच नव्हतं. बाईंनी सायकलीचं बटण रोज थोडं थोडं आवळायला घेतलं. पडद्यावर जाड कागद चिकटवला. दोन पुऱ्या बंद झाल्या, श्रीखंडाची दुसरी वाटीही. कमलाकर म्हणाले, "आकडा कमी सांगतेस आणि दमतेस जास्त, हे काय नवीन?" बाईंनी त्यांना रेघ काढून समजावलं. त्यांना कळलं नाही, पण ते रोज पहाटे चहा करून द्यायला लागले.

डिसेंबरच्या एका शनिवारी त्या बसल्या. पहिली वीस मिनिटं सुरळीत गेली. चाळिसाव्या मिनिटाला मांड्या पेटल्या, पंचेचाळिसाव्याला वाटलं उतरावं. दर पाच मिनिटांनी रुचिरा मनगट धरून ठोके सांगत होती: एकशे तीस, एकशे चौतीस, एकशे छत्तीस. रंभा हातातला झाडू टेकवून समोर उभी होती.

"दम टाकू नका बाई. हंडा डोक्यावर हाय समजा," ती म्हणाली. "मदी थांबलं की मग जड होतो."

बाई थांबल्या नाहीत. साठावं मिनिट संपलं तेव्हा भावेशने त्यांना दोन्ही दंडांना धरून उतरवलं. रुचिराने रेघेवर सरासरी लावली, तासाचा गुणाकार केला आणि वही बाईंच्या पुढे धरली. त्यांनी ती स्वतः तपासली. दोनशे शहात्तर.

त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. घामाने साडी अंगाला चिकटली होती, आणि त्या नुसत्या हसत होत्या. भावेशने फळ्यावर नवा आकडा लिहिला. रंभाने तो वाचला, स्वतःच्या आकड्याशी ताडून पाहिला आणि कळशीतलं पाणी पेल्यात ओतून बाईंच्या हातात दिलं.

"छत्तीसनं पुढं गेलात," ती म्हणाली. "पन तुमी बसून होतात."

"तेही खरंच," बाई म्हणाल्या, आणि दुसरा पेला मागितला.