बदकाची स्कूटर

यज्ञेश्वर मोघे रिटायर झाले आणि बदकात राहायला गेले.

हे ऐकून रायपुरातल्या त्यांच्या जुन्या मोहल्ल्यातल्या, बुढापाऱ्यातल्या अर्ध्या लोकांना वाटलं, यांच्या डोक्यावर परिणाम झाला. बाकीचे अर्धे प्रत्यक्ष पाहून आले, आणि त्यांची तर खात्रीच पटली.

बदक म्हणजे नाव. कोण्या एका ठेकेदारानं पिकनिकवाल्यांसाठी बनवलेली. चपट्या बुडाची, लोखंडी, वर टिनाचं छप्पर, आत दोन खोल्यांएवढी जागा, आणि समोर पांढऱ्या रंगाची ही लांब मान न् पिवळी चोच. ठेकेदाराचा धंदा बसला तसं त्यानं इंजिन काढून विकलं आणि बदक खारून नदीत, महादेव घाटाच्या थोडं वरच्या अंगाला, एका सुनसान घाटाला बांधून ठेवलं. यज्ञेश्वरभाऊंनी उभी नोकरी बिजली ऑफिसच्या तक्रारखिडकीवर काढली होती. लाईट गेली की सारं रायपूर त्यांनाच शिव्या द्यायचं. त्यांना अशी जागा पाहिजे होती जिथं कोणी येणार नाही आणि आलं तर बुडेल.

"मीरा, पाणी पाह्य. पक्षी पाह्य. काही आवाज आहे का?" ते बायकोला म्हणाले.

मीराताईंनी पाणी पाहिलं, पक्षी पाहिले, मग मागं वळून घाटाच्या पायऱ्या आणि वरचा रस्ता पाहिला. "ठीक आहे. पण माझी स्कूटर दारात पाहिजे."

स्कूटर त्यांचीच. लहानशी, लाल, कडेनं खरचटलेली. पंडरीच्या कापडबाजारातल्या एका साडीवाल्यासाठी मीराताई पदरांना गोंडे बांधून द्यायच्या. साड्या आणायच्या, गोंडे करायचे, नेऊन द्यायच्या. यज्ञेश्वरभाऊ जन्मात कोणतीच गाडी चालवायला शिकले नव्हते. लग्नाआधी सायकलनं त्यांना एकदा बुढातालाबात नेलं होतं, तेव्हापासून ते मागंच बसत आले. मांडीवर पिशवी, पिशवीवर छत्री, आणि तोंडानं "जरा हळू, जरा हळू."

आता बुढापाऱ्याची एक पद्धत आहे. तिथं गल्ल्या अशा की गाय वळली तर म्हैस थांबते, म्हणून रात्री स्कूटर घरात घेतात. बैठकीत, सोफ्याच्या बाजूला. पाहुणा एखाद्या वेळी बाहेर झोपेल, स्कूटर नाही झोपत. मीराताईंनी बदकात पण तेच केलं. घाटावरून दोन फळ्या टाकल्या, ॲक्सिलरेटर पिळला आणि सरळ आत.

बदक उजवीकडं झुकलं. गंजातलं दूध उजवीकडं गेलं, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उजवीकडं गेला.

"अहो, डावीकडं व्हा! डावीकडं!"

यज्ञेश्वरभाऊ डावीकडं जाऊन भिंतीला चिकटून उभे राहिले. बदक थोडं सरळ झालं.

"किती वेळ उभं राहू?"

"सकाळी मी पंडरीला निघेपर्यंत."

मग त्यांनी पलंगच डाव्या बाजूला नेला. रोज संध्याकाळी गाडी उजवीकडून आत यायची आणि यज्ञेश्वरभाऊ डावीकडं जाऊन पडायचे. चौबे कॉलनीतून मुलगा यशोधन एकदा भेटायला आला आणि बापाच्या बाजूला पलंगावर बसला, तर स्कूटर स्टँडवरून सुटून दोघांच्या पायाशी येऊन थांबली.

"बाबा, ये क्या है? ऐसे कौन रहता है यार?" यशोधन म्हणाला. त्याला मराठी सारी समजते, उत्तर मात्र हिंदीत येतं.

"तू मधात बस. मधात बसलं की काही होत नाही."

एका सकाळी मीराताईंना उशीर झाला होता. न सांगता त्यांनी स्कूटर बाहेर काढली. यज्ञेश्वरभाऊ डाव्या बाजूला पाटावर बसून वरणभात खाऊन राहिले होते. उजवीकडचं वजन गेलं आणि पाट, ताट, वरण आणि ते स्वतः असे चौघं जण सावकाश डावीकडच्या, नदीकडल्या दारातून निघून खारूनच्या गुडघाभर पाण्यात जाऊन बसले. ताट अखेरपर्यंत हातात सरळ होतं, असं ते नंतर अभिमानानं सांगायचे.

"आता स्कूटर घाटावर, वर रस्त्याच्या कडेला राहीन," मीराताई म्हणाल्या.

"अन् चोरी गेली त?"

यावर यज्ञेश्वरभाऊंनी दोन दिवस विचार केला, आणि बुढापाऱ्यातला माणूसच करेल असा उपाय काढला. त्यांच्या गल्लीत ज्यांच्या बैठका लहान, ते रात्री साऱ्या गाड्या एका साखळीत ओवून ठेवायचे. चोराला न्यायची तर अख्खी गल्ली न्यावी लागेल. त्यांनी भंगारवाल्याकडून एक लांबलचक साखळी आणली. एक टोक स्कूटरच्या चाकात, दुसरं बदकाच्या मानेत, दोन्हीकडं कुलूप. येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय अडकू नये म्हणून मधल्या साखळीवर पोती टाकली.

"आता स्कूटर न्याची त बदक न्या लागंन," ते खुशीत म्हणाले. "अन् बदक वाहून जायचं त स्कूटरनं ब्रेक लावला आहे."

एवढी भक्कम व्यवस्था झाल्यावर बदकाचा जुना दोर उगाच लटकून राहिला होता. तो त्यांनी सोडला आणि कपडे वाळवायला बांधला. मीराताई गाडी घेऊन गेल्या की साखळीचं ते टोक तेवढ्यापुरतं पिंपळाला अडकवायचे.

हिवाळा लागला. यज्ञेश्वरभाऊ सकाळी चोचीजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि पाणी पाहायचे. आणि मीराताई? गॅसची टाकी पायाशी ठेवून आणायच्या. प्यायच्या पाण्याचे कॅन आणायच्या. भाजी आणायच्या, पेपर आणायच्या, कारण पेपरवाल्या पोट्ट्यानं 'बदक, खारून नदी' हा पत्ता ऐकून फोन ठेवून दिला होता. कटिंगसाठी यज्ञेश्वरभाऊंना मागं बसवून न्हाव्याकडं न्यायच्या आणि परत आणायच्या. गोंड्यांचं काम राहून जायचं. पंडरीतला साडीवाला आता दुसरीकडून गोंडे करून घेऊ का म्हणून विचारत होता.

"किती शांत आहे नाही?" यज्ञेश्वरभाऊ विचारायचे.

मीराताई हेल्मेट काढत म्हणायच्या, "मी घरी असली की सांगीन."

कार्तिक पौर्णिमेच्या जत्रेच्या, इथल्या 'पुन्नी मेला'च्या, आदल्या दिवशी मीराताईंनी यशोधनला फोन केला. त्याच्या आणि सून गंधालीच्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी होतीच. तिथून पंडरी जवळ, भाजी खाली, पाणी नळाला.

"मी चालली उद्या यशोधनकडं," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. भांडण नाही, आवाज नाही. पोळी लाटता लाटता.

"किती दिवसासाठी?"

"ते नाही ठरवलं."

यज्ञेश्वरभाऊंनी पाण्याकडं पाहिलं. पाणी तसंच होतं, पक्षी तसेच. काही बोलावं असं त्यांना वाटलं, पण सारी जिंदगी त्यांनी "नोंद घेतली आहे" एवढंच म्हटलं होतं, आणि ते या वेळी बरोबर झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी कार्तिक पौर्णिमा. महादेव घाटावर पहाटेपासून स्नानाला गर्दी, आणि ती पसरत पसरत यांच्या सुनसान घाटापर्यंत आलेली. वरच्या रस्त्यावर गाड्याच गाड्या. यशोधन कार कुठं तरी लांब लावून, घामाघूम होऊन बदकात पोचला.

"आई, बैग रेडी?"

"रेडी आहे. चहा घे."

यज्ञेश्वरभाऊ आरशासमोर दाढी करून राहिले होते. अर्ध्या तोंडाला फेस. बायको जाणार असली की माणसानं काय करायचं हे माहीत नसल्यामुळं ते रोजचंच, पण फार हळू करत होते.

"बाबा, आप भी चलो ना."

"मी काहून चालू? माझं काय बिघडलं इथं?"

"तुमचं नाही बिघडलं," मीराताई म्हणाल्या. "तुमचं काहीच नाही बिघडलं."

इतक्यात बदक हललं.

पहिले त्यांना वाटलं, कोणी मोठा माणूस स्नानाला उतरला असेल. पण बदक हलतच राहिलं. खिडकीतून घाट सरकू लागला, मग पिंपळ सरकला. वर रस्त्यावर काय झालं होतं, तर नो पार्किंगच्या गाड्या उचलणाऱ्या ट्रकनं मीराताईंची लाल स्कूटर उचलली होती. साखळी पोत्याखाली होती, ती कोणालाच दिसली नाही. ट्रक निघाला, साखळीनं पोती झटकली, ती पायऱ्यांवरून खडखडत ताणली गेली, आणि मागून बदक मान पुढं करून आज्ञाधारकपणे चालू लागलं. इंजिन गेल्यापासून ते पहिल्यांदाच कुठं तरी निघालं होतं.

गर्दीमुळं ट्रक बैलगाडीच्या चालीनं चालला होता, म्हणून बदक पण. काठावर अंघोळ करणारे साखळीखालून वाकू लागले. कोणी तरी ओरडलं, "देख तो, झाँकी आवत हे!"

झाँकी म्हणजे देवादिकांचा देखावा, मग काय विचारता. नदीतून पांढराशुभ्र हंस येतो आहे, दारात नऊवारी नेसलेली बाई उभी आहे, आणि मागं एक अर्ध्या पांढऱ्या दाढीचे ऋषी आहेत. बायांनी 'जय हो माई' म्हणत हात जोडले. झेंडूची फुलं येऊन पडू लागली. एकानं नारळ दिला, तो यशोधनला घ्यावा लागला.

"हेलो, हेलो, मैं बाद में फोन करता हूँ," तो ऑफिसच्या फोनवर सांगत होता, "अभी मैं झाँकी में हूँ."

"आई, हात दाखव त्यांना," यज्ञेश्वरभाऊ म्हणाले. त्यांचा फेस वाळत चालला होता. "आई म्हणजे तू, मीरा. ते तुलेच पाहून राहिले."

मीराताईंनी हातातली बॅग खाली ठेवली आणि खरंच हात वर केला. काठावरून जयजयकार झाला. त्यांना हसू आलं, आणि मग ट्रकवर उलटी लटकलेली आपली स्कूटर दिसली. हसू गेलं.

महादेव घाटाशी ट्रक थांबला, बदक पायरीला लागलं. मीराताई साडी खोचून उतरल्या.

"ए भैया! मेरी गाड़ी उतारो!"

"अम्मा, नो पार्किंग में थी," ट्रकवाला म्हणाला.

"फिर हमारा घर भी चढ़ा लो ऊपर. वो भी साथ में आया है."

ट्रकवाल्यानं साखळीकडं पाहिलं. साखळी धरून नजर हळूहळू खाली नेली, पायऱ्यांवरून पाण्यात, पाण्यातून मानेवर, मानेवरून फेसवाल्या यज्ञेश्वरभाऊंवर.

"हव..." तो मान डोलावत म्हणाला. "लेकिन अम्मा, घर को गाड़ी से काहे बाँध के रखे हो?"

मीराताई काही तरी तडकून बोलणार होत्या, पण त्या नवऱ्याकडं वळल्या.

"ऐकलं का? तो पोट्टा एका मिनिटात समजला. गॅस माझ्या गाडीवर, पाणी माझ्या गाडीवर, तुमची कटिंग माझ्या गाडीवर. तुमी पाण्याकडं पाहून शांत बसता, अन् ती शांती मी पंडरीहून, पुरानी बस्तीहून, कुठून कुठून आणून देऊन राहिली. मले नदी आवडते. पण मी पाहिलीच कुठं ती?"

गर्दी ऐकत होती. झाँकीत आता संवाद पण आहेत हे पाहून लोक खाली बसले.

यज्ञेश्वरभाऊंनी टॉवेलनं फेस पुसला. तोंड अर्धं गुळगुळीत, अर्धं खरखरीत.

"मग मले शिकव," ते म्हणाले.

"काय?"

"स्कूटर चालवाले. गॅस मी आणीन. पाणी मी आणीन. तू गोंडे कर, नाही त नुसती बस."

"बाबा, आप गिर जाओगे," यशोधन नारळ सांभाळत म्हणाला.

"पडलो त पडलो. पाण्यात पडून झालं, आता रस्त्यावर पडीन."

मीराताईंनी त्यांचं तोंड नीट न्याहाळलं. थट्टा करतात का, ते पाहिलं. मग यशोधनला म्हणाल्या, "तू जा बाळा आज. गंधालीले सांग, खोली तशीच ठेव. यांचं जमलं नाही त मीच फोन करीन."

ट्रकवाल्यानं स्कूटर उतरवून दिली. बदकासाठी त्याच्याकडं नियमच नव्हता, म्हणून ते जिथं लागलं होतं तिथंच राहिलं.

जत्रा उठल्यावर महादेव घाटाजवळचं मैदान रिकामं झालं. कागदी द्रोण, उसाची चिपाडं, आणि मधोमध हेल्मेट घातलेले यज्ञेश्वरभाऊ. चालू कसं करायचं ते मीराताईंनी सांगितलं. वळवायचं कसं तेही सांगितलं, पण ते फक्त उजवीकडचंच त्यांच्या डोक्यात बसलं. स्कूटर निघाली, आणि मैदानाभोवती मोठ्या गोलात फिरू लागली.

मीराताई बदकाच्या काठावर येऊन बसल्या. पाय पाण्यात सोडले. पाणी थंड होतं. पलीकडच्या काठावर एक बगळा एका पायावर उभा होता, तो कधी उडतो ते पाहत त्या बसल्या. पंडरीच्या साडीचा पदर मांडीवर घेतला, एक गोंडा बांधला, दुसरा बांधला.

"मीराऽऽ!" स्कूटर जवळून गेली. "थांबवू कशी?"

बगळा उडाला. त्यांनी तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला.

"सांगते," त्या म्हणाल्या. "अजून एक चक्कर मारून या."