ढाणोबावरचा धूर

सरोजिनीबाईंना डोंगर चढायचा सोस होता अशातला भाग नाही. भिसेगावच्या बालकाश्रमाला पक्की इमारत हवी होती, आणि कर्जतची देणारी मंडळी नुसत्या विनंत्यांना दाद देत नव्हती. म्हणून शाळेत शिकवून आश्रमाचंही काम बघणाऱ्या या चाळिशीच्या बाईंनी एका सभेत सांगून टाकलं, की मी ढाणोबाच्या डोंगरमाथ्यावर जाऊन दाखवते, मग तरी हात सैल सोडाल ना? सभेत हशा पिकला. बाई वाटेतल्या कशेळ्याला चहा पिऊन परत येतील, आपल्याला काय कळणार, असं एक व्यापारी म्हणाला. ते बाईंना झोंबलं. माथ्यावरून धूर करीन, नदीच्या पुलावर उभे राहून डोळ्यांनी बघा, असं त्यांनी ठणकावलं.

चौसष्टच्या उन्हाळ्यात त्या निघाल्या. सोबत आश्रमाचे कार्यवाह विष्णुपंत. कशेळ्यापर्यंत एसटी, पुढे पायपीट. पायथ्याच्या वाडीत नवशा नावाच्या शेतकऱ्याच्या ओटीवर दोघं टेकली, त्याच्या बायकोने दिलेलं पाणी प्यायली. त्याच्या धाकट्या लेकीच्या, मैनाच्या हातावर बाईंनी लिमलेटची गोळी ठेवली. घरालगतच्या तुकड्यात पाला आणि फांद्या पसरून नवशा राब भाजायच्या तयारीत होता. भाताची रोपं करायची तर आधी जमीन अशी भाजून घ्यावी लागते. कुठं निघालात, असं त्याने विचारलं. देवाला, असं बाईंनी उडवून लावलं. कर्जतभर दवंडी पिटलेली गोष्ट या माणसालाही सांगायला हवी, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

माथ्यावर पोचल्यावर बाईंनी स्वतःच्या हाताने काडी ओढून काटक्या पेटवल्या, वर ओला पाला टाकला. धूर असा काही चढला की पुलावरच्या मंडळींनी म्हणे टाळ्या वाजवल्या. दोघं दुसऱ्या, सोप्या वाटेने उतरू लागली, तेव्हा पलीकडच्या सोंडेवरून काही माणसं धावत वर जाताना दिसली. त्यांच्या खांद्यांवर दोर होते, घोंगड्या होत्या. बाई, तुमच्या दर्शनाला गाव लोटलंय, असं विष्णुपंत म्हणाले आणि बाई खदखदून हसल्या.

आठवड्याने कशेळ्याच्या एका शिक्षिकेकडून त्यांना सगळं कळलं. ढाणोबाच्या माथ्यावर धूर दिसला की त्या वाड्यांमध्ये त्याचा एकच अर्थ असतो, वर कोणीतरी कड्यावरून पडलंय. ज्याला दिसेल त्याने हातातलं काम टाकून धावायचं, माणूस कोणाचा ते विचारायचं नाही. नवशाने तेव्हा नुकताच राब पेटवला होता. तो धावला, बायको मैनाला घेऊन पाण्याला गेलेली, आणि वारा फिरला. आधी पेंढा गेला, मग घर, आणि दावणीचा एक बैल.

हे कळलं त्याच दिवशी संध्याकाळी बाईंचा सत्कार होता. उठून सगळं सांगावं असं त्यांना वाटलं. पण कबूल केलेल्या देणग्या अजून यायच्या होत्या, म्हणून त्या गप्प राहिल्या आणि शाल घेऊन घरी आल्या. पुढे इमारत झाली, तेव्हा आता सांगून काय उपयोग, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. एकदा नवशाला द्यायला भांडीकुंडी घेऊन कशेळ्यापर्यंत गेल्या आणि तिथूनच परतल्या. स्वतःची लाज त्यांना रोज वाटत होती, आणि रोज त्या ती गिळत होत्या.

पुढच्या वर्षी नवशा आश्रमाच्या दारात आला, मैनाला घेऊन. घर नाही, एका बैलावर शेती होत नाही. नवराबायको वीटभट्टीवर निघाली होती आणि पोरीला तिथल्या धुळीत न्यायचं नव्हतं. विष्णुपंतांनी लगेच होकार दिला. बघा बाई, तुमच्या चढण्याचं सार्थक झालं, असंही वर म्हणाले. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवशाने त्यांना ओळखलं होतं.

"तुमी त्या दिशी वर देवाला गेलावता ना, बाई? मंग तुमाला ठाव असंल. कोन पडलं होतं? आमी सांजपर्यंत धुंडलं, गावला नाय. वाचला का तो?"

वाचला, एवढं म्हटलं असतं तरी भागत होतं. माणूस समाधानाने गेला असता आणि आश्रमाचं नावही राहिलं असतं. बाईंनी विष्णुपंतांकडे पाहिलं, मग मैनाकडे.

"कोणी पडलं नव्हतं, नवशा. धूर मी केला होता. कर्जतच्या लोकांना दिसावा म्हणून. तुझं घर माझ्यामुळे जळलं."

त्याने शिव्या द्याव्यात, असं बाईंना मनापासून वाटत होतं. त्याने एवढंच विचारलं,

"मंग मेलं नाय ना कोन?"

"नाही."

त्याने मैनाचं गाठोडं उंबऱ्याच्या आत सरकवलं, आणि पायरी उतरता उतरता थांबला.

"पुना वर जाल तवा आदी वाडीत सांगून जा, बाई. धूर दिसला का आमी धावनारच. आमाच्यानं बसवनार नाय."

आणि लेकीकडे वळून न बघता तो रस्त्याला लागला.