जहाजाची कुमा

आमच्या जेवणाच्या टेबलावर कित्येक वर्षं कोणी जेवलं नाही. तिथे एक युद्धनौका राहत होती. दीड मीटर लांब, चार बुरूज, प्रत्येक बुरुजात तीन तोफा. खरी होती ती हिच्या शंभर पट मोठी. सम्राटाच्या काळात पुला शहराच्या बंदरात दिमाखात उभी असायची आणि तिथेच एका पहाटे बुडाली. तिचं नाव लॅटिनमधलं, अर्थ काय तर ‘सगळ्यांच्या एकजुटीने’. आम्ही नवराबायको मात्र स्वयंपाकघरात, फ्रिज आणि खिडकी यांच्यामध्ये ठोकलेल्या फळीवर, एकजुटीने कोपराला कोपर घासत जेवायचो.

सिल्वानो, माझा नवरा, गोदीत सुतार होता. आमच्या गावची गोदी लहान, पण जहाजं मोठी करायची. पुढे कामं येईनाशी झाली आणि एक दिवस फाटकाला साखळी लागली. अशा वेळी काही नवरे दारू धरतात, काही कबुतरं पाळतात. माझ्या नवऱ्याने लढाऊ जहाज धरलं. सुरुवातीला मला बरंच वाटलं. घरात आहे, हाताला काम आहे, कोणाशी भांडत नाही. लाकडाच्या बरगड्या उभ्या करून त्यांवर एकेक पट्टी वाफेवर वाकवून बसवायचा. तोफा पितळेच्या, कठडे तारेचे. हात चांगलाच होता त्याचा, ते मी नाकारणार नाही.

मग एक जुना फोटो मिळाला. उन्हाळ्यातलं जहाज, आणि डेकवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कापडी छतं ताणलेली. आमच्या समुद्रावर जुलैत लोखंड असं तापतं की त्यावर मासे भाजावेत, म्हणून खलाशी ती छतं बांधायचे. झालं, सिल्वानोच्या डोक्यात ती छतं बसली. त्याने कागदाची करून पाहिली, ती कागदाचीच दिसली. मग कापडाला गोंद लावला, तर त्याचा पापड झाला. शिव्या देऊन त्याने सगळं भिंतीवर फेकलं.

मी शर्टांच्या कारखान्यात आयुष्यभर कॉलर शिवल्या आहेत. आईचे तलम रुमाल होते, नातीच्या बारशाला काढायचे म्हणून जपलेले, ते काढले. कॉफीच्या चोथ्यात उकळले, म्हणजे शिडाच्या कापडाचा रंग येतो. खरी छतं अखंड कापडाची नसतात, पट्ट्या जोडून केलेली असतात, म्हणून मीही पट्ट्या कापल्या आणि जोडल्या. कडेला दोर म्हणून रेशमाचा धागा, त्याला बांधायचे फास. पुढच्या डेकचं एक छत करायला अख्खा हिवाळा गेला. मग मागचं, मग मधलं, मग बारक्या होड्यांची आवरणं. डोळ्यांच्या डॉक्टरने मला विचारलं, “बाई, तुम्ही घड्याळं दुरुस्त करता का?” आता मी दुकानात किंमत वाचायला वस्तू हातभर लांब धरते.

इथे कुमाची गोष्ट सांगायला हवी. जहाज पाण्यात सोडायचं तर कुमा लागते, म्हणजे जहाजाची मानलेली आई. ती नाव घेते, बाटली फोडते, फुलांचा गुच्छ घेते आणि जेवायला जाते. मंत्र्याची बायको, मालकाची मुलगी, बँकवाल्याची बहीण. त्या जुन्या युद्धनौकेचीही कुमा राजघराण्यातली होती. गोदीतून जहाज सुटलं की सिल्वानो घरी येऊन बूट काढता काढता सुरू व्हायचा.

“आज पुन्हा कोणीतरी टोपीवाली! हातमोजे घालून! वेल्डरची बायको कधी चढलीय का त्या मंचावर? ती कुंपणाबाहेर, भाजीची पिशवी घेऊन. बाळंतपण आम्ही करायचं आणि बारशाचे पेढे यांनी खायचे!”

इतकी वर्षं हेच ऐकलं. सूप गार व्हायचं, पण त्याचं खरं होतं, म्हणून मी ऐकून घ्यायचे.

तर पहिलं छत मी स्वतःच्या हाताने जहाजावर बांधलं, त्या संध्याकाळी सिल्वानो खुर्ची ओढून कितीतरी वेळ नुसता बघत बसला. त्या एका कापडाने जहाजावर माणसं आल्यासारखं वाटत होतं. मग म्हणाला, “हिला सोडू ना, नेविया, तेव्हा कुमा तू. दुसरं कोण?”

“चल, चहाटळ कुठला,” मी म्हटलं.

पण खोटं कशाला बोलू, मी ते धरून बसले. खोकल्याच्या औषधाची एक रिकामी बाटली धुतली, भावाच्या मळ्यातली मालवाझिया वाइन भरली, बूच घट्ट लावलं, गळ्यात निळी फीत बांधली आणि पिठाच्या डब्यामागे ठेवली. छोट्या जहाजाला छोटी बाटली. पीठ काढताना ती दिसली की मला हसू यायचं. या वयात बाई असल्या गोष्टींनी हुरळते, हे कोणाला सांगणार?

यंदा वसंतात आमच्या घरी वुकास आला. गोदीचा शेवटचा डिरेक्टर. सिल्वानो त्याला ‘इस्त्री’ म्हणायचा, कारण कपड्यांवर सुरकुती नाही आणि हाताला घट्टा नाही. आता तो हॉटेलवाला झाला होता. जिथे सिल्वानो रंधा मारायचा त्याच सुतारशाळेत हॉटेल काढलेलं, आणि दर्शनी दालनात काचेच्या पेटीत ठेवायला त्याला जहाज हवं होतं.

तो आत आला आणि सिल्वानो ताडकन उभा राहिला. शाळेतल्या पोरासारखा.

“बस रे, सिल्वानो, बस,” वुकास म्हणाला. आमच्याच घरात, आमच्याच खुर्चीवर. मग तो जहाजाभोवती फिरला. एका छताला बोट लावून म्हणाला, “हे कापड फारच सुंदर हं. अगदी खरं वाटतं.”

“मी फोटोवरून केलं,” सिल्वानो म्हणाला. ‘मी’ म्हणे.

“आपण समारंभ करू. साधासुधा नाही. बाटली, बँड, पेपरवाले. आणि कुमा आमची बायको, तात्याना! सात जहाजं सोडलीत तिने, बाटली एकदाही फुटायची राहिली नाही. हात आहे तिचा.”

मी कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मला वाटलं, आता हा म्हणेल, साहेब, कुमा ठरलेली आहे. एवढंच म्हणायचं होतं. वुकास काही त्याला खाणार नव्हता. जहाज त्यालाच हवं होतं.

“अहो साहेब, हा तर आमचा मान,” सिल्वानो म्हणाला.

मी काय केलं? मी विचारलं, साखर किती.

पाहुणा गेल्यावर मात्र मी तोंड उघडलं. “कुमा मी होते ना?”

“कधी?”

“तू म्हणाला होतास.”

“अगं, ती चेष्टा होती! आता हॉटेलचा प्रश्न आहे, तिथे रोज माणसं बघतील. बाटली कोणी का फोडेना, काय फरक पडतो?”

“तीस वर्षं फरक पडत होता. माझं सूप गार करून पडत होता.”

“तू ना, नेविया, कुठलं काय कुठे जोडशील नेम नाही,” तो म्हणाला आणि ब्रश धुवायला गेला.

शेजारच्या ओन्दिनाला मी कपडे वाळत घालताना सगळं सांगितलं. तिने तोंडातला चिमटा काढला. “आयत्या बिळावर नागोबा ती! आणि तुझ्या तोंडाला पानं पुसली. तू गप्प बसलीस?”

“मग काय करू?”

“मी तर जहाज बाथटबमध्ये बुडवलं असतं.”

मला ते बुडवायचं नव्हतं. माझे डोळे गेले होते त्यात.

समारंभाच्या दिवशी सकाळी सिल्वानो न्हाव्याकडे गेला. घरात मी आणि ते जहाज. मी चष्मा लावला, बारीक चिमटा घेतला आणि छतं सोडायला बसले. गाठी मीच मारलेल्या, तेव्हा सोडायला कितीसा वेळ लागणार? पुढचं छत, मधलं, मागचं, होड्यांची आवरणं. सगळी पातळ कागदात ठेवून पर्समध्ये घातली. सुई, धागा आणि ती निळ्या फितीची बाटलीही घातली. मला चोरी करायची नव्हती. मला एवढंच हवं होतं की सिल्वानो येईल, बघेल आणि ओरडेल, “नेविया! छतं कुठायत?” मग मी म्हणणार होते, माझी आहेत, माझ्याजवळ आहेत. आणि तिथल्या तिथे बांधून दिली असती. कुमा नाही केलं तर नाही. पण त्याला ती नसलेली दिसायला हवी होती. त्या सकाळी मला देवाकडे दुसरं काही मागायचं नव्हतं.

तो आला, अत्तराचा वास मारत. तोफांवरून फडकं फिरवलं. डोलकाठी बोटाने सरळ केली. कठड्यावर फुंकर मारली. उघड्या डेकवर त्याचा हात फिरला, आणि तो म्हणाला, “टाय बरोबर आहे का माझा?”

मी टाय सरळ करून दिला.

हॉटेलच्या दालनात अजून लाकडाच्या भुशाचा वास येतो, का मलाच आला कोण जाणे. गोदीतले जुने लोक मागे भिंतीला टेकून उभे होते, बायका त्यांच्याही मागे. जहाज मधोमध. तात्यानाबाई हातमोजे घालून पुढे झाली, नाव घेतलं, आणि जहाजासमोर ठेवलेल्या लोखंडी ठोकळ्यावर बाटली पहिल्याच फटक्यात फोडली. खरंच हात आहे तिचा. बँड वाजला. सिल्वानोने तिला फुलं दिली आणि कमरेत वाकला.

मग वुकास जहाजाजवळ वाकून बघायला लागला. “अरे सिल्वानो, त्या दिवशी वर कापडं होती ना? ती सुंदरशी?”

सिल्वानोने जहाजाकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग त्याने मान वळवून गर्दीत मला शोधलं. मी पर्स पोटाशी धरून उभी होते. त्याला कळलं. इतकी वर्षं संसार केला आहे, त्याला कळलं हे मला कळलं. आत्ता नुसतं माझं नाव घेतलं असतं तरी मी धावत गेले असते.

“ती होय?” सिल्वानो हसला. “ती धुळीसाठी घातली होती, साहेब. आमच्या बायकोला दिसेल त्यावर फडकं टाकायची खोड आहे.”

लोक हसले. “सगळ्या सारख्याच,” कोणीतरी म्हणालं. तात्यानाबाई माझ्याकडे बघून गोड हसली. मीही हसले, त्याची मला अजून लाज वाटते.

तो दुपारच्या जेवणासाठी थांबला. मी बसने घरी आले.

टेबल रिकामं होतं. जहाजाच्या आकाराची एक स्वच्छ जागा आणि तिच्याभोवती वर्षांची धूळ, गोंदाचे थेंब, रंगाचे डाग. मी पर्समधली बाटली काढली, फीत सोडली आणि घोटभर पिऊन पाहिली. इतक्या वर्षांत वाइनचं व्हिनेगर झालं होतं. बरंच झालं, गोंदाच्या डागांवर व्हिनेगरसारखं काही नाही. सगळं बादलीत ओतलं. मग कागद उलगडला आणि टेबल पुसायला घेतलं. होड्यांच्या आवरणांनी कोपरे पुसले. मागच्या डेकच्या छताने कडा. पुढचं छत सगळ्यात मोठं, त्याने मधला भाग घासून काढला. मी रडले नाही. मला रागाने इतका जोर आला होता की लाकूड चमकायला लागलं.

सिल्वानो आला तेव्हा चेहरा लाल झालेला आणि हातात केकचा डबा. “अरे वा! टेबल बघ काय चमकतंय! आज इथे जेवायचं? कित्येक वर्षांनी!”

“जेव की,” मी म्हटलं.

सूप वाढलं. तो बसला, आणि कोपऱ्यात पडलेला ओला बोळा त्याला दिसला. काळपट, गोंदाने चिकटलेला. बाजूला सारायला म्हणून त्याने तो उचलला आणि त्याचे फास बोटात अडकले.

“नेविया. हे... हे पुढच्या डेकचं आहे.”

“फडकं आहे,” मी म्हटलं. “धुळीचं.”

त्याने ते हळूहळू उलगडलं, टेबलावर ताणलं, तळव्याने सपाट करायला लागला. डाग जात नव्हते. टाका मात्र एकही निसटला नव्हता. तो वाकून टाके बघत राहिला, जवळून, चष्मा लावून, जसे आधी कधी बघितले नव्हते.

मी माझी वाटी आणि चमचा उचलला आणि स्वयंपाकघरात, फळीवर जाऊन बसले. कोपराला आता जागाच जागा होती.