दीड हाताचा फटका

हातमोजा काढून तिनं तो खिशात कोंबला आणि हातही तिथंच राहू दिला. बाहेर काढला असता तर सगळ्यांना दिसला असता. गोल्फच्या मैदानातल्या शेवटच्या ग्रीनभोवती, खळग्याभोवतीच्या त्या बारीक कातरलेल्या हिरवळीभोवती, काही जत्रा लोटली नव्हती, पण जी माणसं होती ती तिच्याकडेच बघत होती. दोरीपलीकडे खुर्च्या टाकून बसलेली म्हातारी जोडपी, आपला खेळ आटोपून कॉफीचे कप घेऊन उभ्या राहिलेल्या दोघीतिघी खेळाडू, आणि हिरव्या कोटातले पंच. चेंडू ग्रीनच्या जरासा बाहेर, बोटभर उंच गवतात बसला होता. तिथून खळगा दहाबारा पावलांवर.

सोपं होतं. सोपं होतं म्हणूनच भीती होती. एक हलका फटका मारून चेंडू खळग्याजवळ न्यायचा आणि दुसऱ्या फटक्यात आत ढकलायचा. दोनात झालं तर वर्षाच्या यादीत तिचं नाव रेषेच्या वर राहणार, पुढचं वर्षभर स्पर्धा खेळायला मिळणार. तीन लागले तर रेषेच्या खाली, आणि या वयात खाली गेलेली बाई पुन्हा वर येत नाही हे तिथल्या माळ्यालाही ठाऊक होतं. पहिल्या फटक्याची तिला फिकीर नव्हती, तो ती झोपेतही मारेल. तिची पाचावर धारण बसली होती ती दुसऱ्यापायी. दीड हातावरून चेंडू नुसता आत लोटायचा, शेंबड्या पोरालाही जमेल असा, त्या एवढ्याशा फटक्यापायी.

एके काळी बरोबरीच्या खेळाडू तिला 'घड्याळ' म्हणायच्या. तिच्या हातातला पटर, चेंडू खळग्यात लोटायची ती काठी, लंबकासारखा मागे जायचा, पुढे यायचा, आणि चेंडू आत. बाकीच्या ग्रीनवर बसून, वाकून, एक डोळा मिटून अंदाज घेत असायच्या तेव्हा ही आपला चेंडू खळग्यातून काढून चालायला लागलेली असायची. मग दोन वर्षांपूर्वी एका साध्या दुपारी, कसलंही दडपण नसताना, तिच्या उजव्या हाताला झटका बसला. ओला हात विजेच्या बटणाला लागावा तसा. चेंडू खळग्याला वळसा घालून पार पलीकडे गेला. तिनं ते हसण्यावारी नेलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्यानंतर ती त्या झटक्याची वाट बघायला लागली, आणि ज्याची एवढी वाट बघावी तो पाहुणा कशाला चुकतोय? तिनं पटर बदलले, पकड बदलली, डोळे मिटून मारून पाहिलं. कुणाशी बोलायची सोय नव्हती. खेळाडूंमध्ये या दुखण्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की ऐकणारीला लागतं म्हणतात, आणि एकदा का कुणाला लागलंय अशी कुजबूज झाली की जेवणाच्या टेबलावर तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहते.

ताईलासुद्धा तिनं कळू दिलं नव्हतं. ताई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण, आणि पहिल्या मोठ्या स्पर्धेपासून तिची कॅडी. त्याआधी ताई शिवणकामाचा वर्ग चालवायची. धाकटीला चांगला कॅडी परवडेना, तेव्हा ताईनं वर्गाला कुलूप लावलं आणि काठ्यांची पिशवी खांद्यावर घेतली. आता तिचे गुडघे प्रत्येक चढावर कुरकुरायचे, पण वर्गाच्या गोष्टी काही संपल्या नव्हत्या. नव्या पोरीला मशीनवर बसवलं की आपण कापडाकडे कधीच बघायचो नाही, असं ती दर चार दिवसांनी सांगायची. कापड फाटलं तर दुसरं आणता येतं, बोट नाही, म्हणायची.

अशा ताईच्या तोंडात तीळ भिजत नसे. लहानपणी फुटलेल्या प्रत्येक काचेची बातमी वडिलांपर्यंत तिनंच नेली होती. हिला हाताचं कळलं तर प्रशिक्षकाला कळेल, डॉक्टरला कळेल, आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला. म्हणून चेंडू चुकला की धाकटी काहीबाही सांगायची. ग्रीन खडबडीत होतं, बूट चावत होता, डोळ्यांवर ऊन आलं. ताई म्हणायची, असेल. अलीकडे ताईचा हातही आखडता झाला होता. थर्मासमधला चहा देताना ती कप अर्धाच भरायची. वय झालं की माणूस कंजूष होतो, असं धाकटी तिला चिडवायची, आणि ताई त्यावरही म्हणायची, असेल.

आता ताईनं पिशवीतून आखूड काठी काढून तिच्यापुढे धरली आणि हळू आवाजात सांगितलं की उतार डावीकडे आहे, जरा उजवीकडून जाऊ दे. धाकटीनं मान हलवली. ताई मागे सरली आणि चेंडूच्या पलीकडे, तिच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

काठी चेंडूमागे टेकवताना तिनं खळग्याकडे एकदा पाहिलं आणि तिथंच घोटाळा झाला. फटका मारायच्या आधीच तिला पुढचं सगळं दिसलं. चेंडू खळग्यापासून दीड हातावर थांबणार. माणसं श्वास रोखणार. ती पटर घेऊन वाकणार. मनगटातून तो झटका निघणार. चुकला तर सगळ्यांदेखत शोभा. आणि गेला तर?

हा प्रश्न तिनं स्वतःला आजवर विचारला नव्हता. गेला तर अजून एक वर्ष. दर आठवड्याला नवं मैदान, प्रत्येक मैदानावर अठरा खळगे, आणि प्रत्येक खळग्यापाशी हेच मरण. चेंडू चुकण्यापेक्षा तो आत जाण्याची आपल्याला जास्त भीती वाटते आहे हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि कळलं तशी ती आणखीच घाबरली. आयुष्यभर जे मागितलं तेच नको झालं होतं, आणि ते कुणाला सांगणार?

ती सरळ झाली.

"चेंडू हलला," ती म्हणाली. "माझी काठी लागली."

या खेळात चोरही आपण आणि शिपाईही आपणच. चेंडूला काठीचा धक्का लागला आणि कुणी पाहिलं नाही, तरी खेळाडूनं स्वतःहून सांगायचं आणि एक फटका दंड घ्यायचा. धक्का लागलेला असताना गप्प बसणाऱ्या पुष्कळ असतील. धक्का लागलेला नसताना लागला म्हणणारी कुणी असेल, असं मात्र नियम लिहिणाऱ्यांच्या मनातही आलं नसावं.

तिच्याबरोबर खेळणारी ताडमाड बाई, जिला सगळ्या 'शिडी' म्हणत, लगबगीनं जवळ आली. मला तर काही दिसलं नाही गं, म्हणाली, वाऱ्यानं गवत हललं असेल, नीट आठवून बघ. तिचा स्वतःचा निकाल केव्हाच लागला होता, तिला काही फायदा नव्हता. खरंच जीव तुटत होता बिचारीचा. तेवढ्यात पंच आले. त्यांनी शांतपणे विचारलं, खात्री आहे का? तिनं हो म्हटलं. आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

पंच ताईकडे वळले.

"तुम्ही समोरच होतात. तुम्ही काय पाहिलं?"

ताईचा विचारच धाकटीच्या मनात आला नव्हता. समोर दोन पावलांवर उभी होती ती, मध्ये ना झाड ना माणूस. आता ती सांगणार, नाही हलला, आणि मग सगळे विचारणार, मग तू का म्हणालीस? त्याचं उत्तर द्यायला लागण्यापेक्षा जमीन दुभंगली तर बरं. ताईनं तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, बाजारात ओळखीचं कुणी दिसल्यावर बघावं तेवढंच.

"हलला," ताई म्हणाली.

धाकटीला क्षणभर वाटलं, खरंच हलला की काय.

पंचांनी दंड सांगितला आणि चेंडू मूळ जागी ठेवायला सांगितलं. आता आली का पंचाईत! मूळ जागी म्हणजे कुठं? ती वाकली आणि चेंडू उचलून तिळभर मागे ठेवला. चेंडू हलला तो तेव्हा पहिल्यांदा.

दोरीपलीकडे टाळ्या वाजल्या. ती पुन्हा काठी घेऊन उभी राहिली तेव्हा सगळं संपलेलं होतं. दंड धरून आता एकच फटका हातात होता, आणि तिथून एका फटक्यात चेंडू आत जाणं म्हणजे लॉटरीच. घाबरायचं काही उरलंच नव्हतं. तिनं फटका मारला. चेंडू गवतावरून उचलला गेला, ग्रीनवर टेकला, डावीकडे वळत वळत खळग्याकडे निघाला आणि थांबला.

दीड हातावर.

पण या खेळात हरलेलीलाही चेंडू आत घालूनच घरी जावं लागतं. 'राहू दे, झालं' म्हणायची सोय नसते. ताईनं पटर दिला. ती चेंडूपाशी गेली, वाकली आणि त्या झटक्याची वाट बघू लागली. झटका आला नाही. पटर मागे गेला, पुढे आला, आणि खळग्याच्या तळाशी चेंडू टक् करून वाजला. घड्याळ चालू होतं.

तिनं चेंडू काढायला हात घातला आणि तशीच वाकलेली राहिली. तिथून दोन फटके. बरोबर दोन. तोंडातून ते एक वाक्य निघालं नसतं तर आत्ता ती रेषेच्या वर असती.

पुढचा अर्धा तास लोकांनी तिला सोडलं नाही. शिडीनं मिठी मारली, रडली, आणि माझ्या पोरीला मी तुझी गोष्ट सांगणार, म्हणाली. पंचांनी हात पुढे केला, तेव्हा तिला आपला हात द्यावाच लागला, आणि तो त्यांच्या मुठीत फडफडत होता. भावना अनावर झाल्या असतील असं समजून त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. असा खरेपणा आता बघायला मिळत नाही, म्हणाले. प्रत्येक कौतुकाबरोबर तिला वाटत होतं, आता कुणीतरी मागून येणार आणि खांद्यावर हात ठेवून म्हणणार, बाई, जरा इकडे या. कुणी आलं नाही.

गाडीपाशी ताई एकेक काठी ओल्या फडक्यानं पुसून पिशवीत ठेवत होती. या काठ्या पुन्हा कधी लागणार कुणास ठाऊक, पण एकही काठी तिनं वगळली नाही. धाकटी गाडीला टेकून उभी राहिली, उजवा हात खिशात.

"ताई, तो हलला नव्हता."

ताई पुसत राहिली.

"तू समोर होतीस. तुला दिसलंच असेल. मग हलला म्हणून का सांगितलंस?"

"मला काय ठाऊक हलला का नाही," ताई म्हणाली. "मी चेंडूकडे बघतच नव्हते." तिनं फडकं पिळून गाडीच्या दारावर वाळत घातलं. "दोन वर्षं झाली, मी चेंडूकडे बघत नाही."

मग तिनं मागच्या सीटवरचा थर्मास काढला, झाकण उघडलं आणि कपात चहा ओतला, नेहमीसारखा अर्धाच. धाकटी त्या अर्ध्या कपाकडे बघत राहिली. तिनं खिशातला हात बाहेर काढला आणि थरथरत होता तसाच पुढे केला.