गोल्फच्या चषकाला मटणाची पंगत

राजेश्वरीताई, स्मरणिकेसाठी तुम्ही लिहिलेला इतिहास वाचला. 'सामाजिक बांधिलकीच्या उदात्त हेतूने प्रवराकाठ गोल्फ चषकास सामुदायिक भोजनाची जोड देण्यात आली.' कसली बांधिलकी अन् कसला उदात्त हेतू! माझं तोंड फाटकं, म्हणून ती पंगत सुरू झाली. दहा वर्षं खोटं छापलंत, आता खरं छापा.

मी काकासाहेब. नेवाशापासून पार कोपरगावापर्यंत कुस्त्यांचा एकही हगामा माझ्या आवाजाशिवाय झालेला नाही. माईक हातात आला की मला बायको-पोरं आठवत नाहीत. साखर कारखान्याच्या चेअरमनच्या पोरानं माळावर गोल्फचं मैदान केलं, बाहेरून धंदेवाईक खेळाडू बोलावले, तेव्हा निवेदनालाही मलाच बोलावलं. गोल्फ कशाशी खातात ते मला ठाऊक नव्हतं. पण जे येत नाही ते जोरात बोलायची मला सवय आहे.

स्पर्धेतून उरेल ते राहीबाईंच्या वसतिगृहाला द्यायचं ठरलं होतं. आईबाप ऊसतोडीला गेले की पोरं तिथं राहतात. आदिनाथ तिथंच वाढलेला. पुढं नगरला साहेबलोकांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहता वाहता स्वतःच खेळायला शिकला. आमच्या चषकाच्या विजेत्याला देशपातळीवरच्या स्पर्धांत वर्षभर थेट प्रवेश होता. त्या प्रवेशाच्या चाचणीत पोरगं तीनदा थोडक्यात राहिलेलं.

मला म्हणाला, "काका, औंदा न्हाई झालं तर काठ्या ठेवून देतो अन् बापासंगं कोयता घेतो."

"अरे, तू खेळ. मी हाय ना," मी म्हणालो. मी असणं हीच अडचण आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही.

मुख्य पंच होते लष्करातून निवृत्त झालेले एक कर्नलसाहेब. त्यांनी मला पहिल्याच दिवशी दम दिला, की खेळाडू चेंडू मारत असताना आवाज नको. मग माझं काम काय? पहिले तीन दिवस मी तोंडात उपरण्याचा बोळा धरून बसलो. बायको म्हणाली, "असली स्पर्धा बारमाही ठेवा."

शेवटच्या दिवशी आदिनाथच्या जोडीला नगरचा तौसीफ होता. गुडघ्याला पट्टा बांधून खेळणारा, शांत माणूस, वय निघून चाललेलं. शेवटच्या खड्ड्यापर्यंत दोघं बरोबरीत होते आणि तिथं तौसीफचं खेळून झालं होतं. आता आदिनाथचा चेंडू याच फटक्यात आत गेला की त्याचा एक फटका कमी अन् चषक त्याचा. आमच्याकडं दुष्काळात हिरवळ कुठली? खड्ड्याभोवती तेल शिंपडून चोपलेली वाळू. त्या तेलाचा वास आला अन् माझं डोकं फिरलं. कुस्तीच्या मातीतही आम्ही तेलच घालतो की! चेंडू घरंगळला, कडेवर थबकला आणि आत पडला.

"चितपऽऽट!" मी माईकमध्ये बोंबललो. "गावाच्या वाघानं आस्मान दाखवलं!"

हगाम्यात एवढं ऐकलं की पब्लिक आखाड्यात उतरतं. इथंही उतरलं. छगन हलगीवाल्याला मी आपला सहज बोलावून ठेवला होता. गुलाल उडाला. श्रीमंत नावाच्या आमच्या जुन्या पैलवानानं आदिनाथला खांद्यावर घेतलं आणि मिरवणूक निघाली भैरोबाच्या देवळाकडं. पुढं टेम्पोत मी, हातात माईक.

आदिनाथ वरून हातवारे करत ओरडत होता. हलगीत काही ऐकू येईना.

"बघा मंडळी, पैलवान गहिवरलाय!" मी सांगितलं.

तो श्रीमंतच्या डोक्यावर बुक्क्या मारायला लागला.

"बघा, कसा ताल धरलाय!"

अर्ध्या वाटेत राहीबाई धापा टाकत टेम्पोला आडव्या आल्या. "अवो काका, येडं लागलं का तुमाला? पोराची कार्डावर सही ऱ्हायलीय! सही न्हाई तर बाद करत्यात त्याला. जिंकल्यालं पोरगं हरवलं की तुमी!"

कोयता दिसला डोळ्यांपुढं. मी ओरडलो, मागं फिरा. पण गुलाल पडला की मिरवणूक देवाच्या पायरीशिवाय थांबत नाही, आमच्याकडची रीतच ती. श्रीमंत म्हणाला, "आधी देव, मग सही." हात जोडले, शिव्या घातल्या. एवढा मोठा भोंगा, अन् माझं कुत्रं ऐकेना.

मग जिभेला हाड नसतं ते कामाला आलं. "मंडळी! गोल्फच्या मैदानात मटण-भाकरीच्या पंगती बसल्यात! रस्सा गार व्हायला लागलाय! मागनं येनाऱ्याला नुसतं पानी!"

देव आमचा समजूतदार. अख्खी मिरवणूक जागच्या जागी फिरली. श्रीमंत तर आदिनाथला खांद्यावर घेऊन असा पळाला की तसा उभ्या हयातीत आखाड्यात पळाला नव्हता.

मंडपात कर्नलसाहेब टेबलाशी बसले होते. समोर तौसीफ, हातात आदिनाथचं कार्ड. या खेळात एकाचे फटके दुसरा मांडतो, मग दोघं सही करतात. तौसीफनं आपली सही ठोकून कार्ड पुढं सरकवलं असतं तर आदिनाथ बाद आणि चषक तौसीफचा. पण तो प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून बसला होता.

"तौसीफ, अजून किती वेळ?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

"साहेब, सातव्या खड्ड्याचे फटके परत बघतो. चूक नको व्हायला."

"मघापासून सातवाच बघतोयस तू."

"तिथंच शंका आहे, साहेब."

आदिनाथनं खांद्यावरून उडी मारली, गुलालाच्या हातानं सही केली. तौसीफनं त्या सहीकडं एकदा बघितलं आणि खाली आपली केली. त्याची शंका तेवढ्यात फिटली होती. आदिनाथ त्याच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला.

मी पुढं झालो. "तौसीफ, बाबा, चषक तुझा होता रे," म्हणालो.

तो गुडघा धरून उठला. "काका, ते राहू द्या. तुमचा भोंगा इथवर ऐकू आला. मटण कुठाय?"

मागं वळून बघतो तर अख्खं गाव मैदानात रांगा धरून बसलेलं!

माझी दारातली दोन बोकडं गेली, ताई. नबीलाल खाटकानं कापली, वस्तीवरच्या बायकांनी भाकऱ्या थापल्या. बायको महिनाभर माझ्याशी बोलली नाही, बोकडांचा सूड उगवला तिनं. जेवून उठणाऱ्यापुढं राहीबाईंनी पदर पसरला आणि ज्यानं त्यानं वसतिगृहासाठी दिलं. स्पर्धेतून काहीच उरलं नाही, जे मिळालं ते पंगतीतून. तुमची बांधिलकी ती एवढी.

आदिनाथ आता टीव्हीवर दिसतो. तौसीफला तो थेट प्रवेश पुढं कधीच मिळाला नाही. पंगतीला मात्र दोघं दरवर्षी येतात. आदिनाथ पहिलं ताट तौसीफपुढं ठेवतो, रस्सा मी वाढतो. तौसीफ दरवर्षी विचारतो, "काय काका, आज गप्प का?" आणि दरवर्षी मला बोलता येत नाही.