जास्तीचा पाय

थांबा, आधी बोर्डातून माझी पिन काढा. हं, आता बोलू. म्हणजे तुम्ही ऐका, बोलणार मीच.

मी गणेशपेठेतल्या मार्तंडरावांचं ड्रिल बोलतोय. पत्र्याला, लाकडाला, भिंतीला भोकं पाडतो. घरातले मला 'ती मशीन' म्हणतात, मी स्वतःला 'तो' समजतो, त्यावरून भांडण नको. अंगानं पक्का धातूचा. उचलून पाहणाऱ्याचा हात खाली गेलाच पाहिजे, इतका जड. या वजनाचा मला फार माज होता हो! आता त्याची लाज वाटते.

ब्याऐंशी सालची गोष्ट. मार्च लागला होता आणि सीताबर्डीच्या दुकानात मी फळीवर बसून होतो. माझ्या शेजारी एक प्लास्टिकच्या अंगाचं ड्रिल होतं. हलकंफुलकं, करड्या रंगाचं. मी त्याच्याशी बोलतसुद्धा नव्हतो.

मार्तंडराव आले ते बायकोला घेऊन. ते उन्हाळ्यात कूलर बनवायचे. पत्रा कापायचा, वाकवायचा, भोकं पाडायची, हे त्यांचं काम. बाजूच्या जाळ्यांत वाळा भरायचा, हे रुख्मिणीबाईंचं. इतकी वर्षं हातोडीनं ठोकून भोकं पाडून मार्तंडरावांचा खांदा गेला होता, म्हणून आता विजेवरची मशीन हवी होती.

दुकानदार वामनरावांनी आम्हा दोन्ही ड्रिलांना काउंटरवर ठेवलं. मार्तंडरावांनी प्लास्टिकवालं उचललं आणि हसायलाच लागले.

"हे काय गा? खेळणं हाय का? नागपूरच्या मे महिन्यात वितळून जाईन हे!"

मग मला उचललं. हात खाली गेला. चेहरा असा खुलला, की मी मनातल्या मनात मिशीला पीळ दिला.

रुख्मिणीबाई मात्र माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी माझी वायर हातात घेतली होती आणि तिच्या टोकाची पिन निरखत होत्या.

"भाऊ, याले तीन पाय काहून? अन् त्यातला एक जाडा काहून?"

"तो अर्थिंगचा, वहिनी," वामनराव म्हणाले. "मशीनच्या अंगात करंट उतरला तर तो त्या पायातून जमिनीत जातो. घरी तीन भोकांचा बोर्ड पाहिजे. नसला तर मग हे प्लास्टिकवालं बरं. याले दोनच पाय आहेत, अन् धातू हाताले लागतच नाही."

"आपल्या घरी तर दोनचाच बोर्ड हाय," रुख्मिणीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "अवो, हे प्लास्टिकवालंच घ्या न मग."

"तू वाळ्याचं पाहा वं! मशीनीतलं तुले काय समजते? तिसरा पाय जास्तीचा असते. चालते तसंच."

मार्तंडरावांनी वामनरावांकडे पाहिलं. वामनरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा हातच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं आणि मान हलवली. "चालून जाते," ते म्हणाले. मी थक्क झालो! माझ्या जिवाभावाचा पाय, आणि हा माणूस 'चालून जाते' म्हणतो?

घरी आल्याबरोबर मार्तंडरावांनी पकडीनं माझी पिन कापली. आत लाल, काळी आणि हिरवी अशा तीन तारा होत्या. लाल-काळीला दोन पायांची पिन लावली आणि हिरवी मुळापासून छाटून टाकली. रुख्मिणीबाईंनी तो हिरवा तुकडा उचलला आणि त्यानं कूलरच्या जाळीत वाळा बांधला. काही वाया घालवायची सवय नाही त्यांना.

दोन महिने मी झकास काम केलं, खोटं कशाला बोलू? पण पत्र्याचा कीस माझ्या पोटात गेला, आतल्या तारा घासल्या आणि करंट माझ्या अंगावर उतरू लागला. त्याला जायला वाटच नव्हती. मार्तंडरावांच्या तळहाताला मुंग्या यायच्या.

"मशीन चावून राहिली वं," ते हसत सांगायचे. "नवी हाय न, मस्ती करते."

"दुकानात नेऊन दाखवा न."

"सीझनमध्ये? वेडी का काय!"

त्यांनी सायकलची जुनी ट्यूब कापून माझ्या मुठीवर गुंडाळली. पायात रबरी चपला होत्याच. चावणं थांबलं आणि त्यांना वाटलं, जिंकलो. माझी मान, म्हणजे पुढचा धातूचा भाग, मात्र उघडीच राहिली.

मे महिन्यातली दुपार होती. अंगणात कूलर पाणी भरून तपासून झाला होता आणि फरशी सगळी ओली होती. मार्तंडराव स्टुलावर चढले होते. कूलरच्या वरच्या कडेला एकच भोक राहिलं होतं आणि माझी पिन बोर्डातच होती.

"रुख्मिणी, मशीन दे वं जरा."

त्या अनवाणी होत्या. हात वाळ्यानं ओले. आता त्यांनी मला कसं उचललं ते ऐका, कारण हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. चाकू देताना आपण मूठ समोरच्याकडे करतो ना? तशी त्यांनी माझी मूठ नवऱ्याकडे केली. त्यांच्या सोयीसाठी. आणि स्वतः मला उघड्या मानेशी धरलं.

त्यांची बोटं मिटली ती मिटलीच. मी त्यांना धरलं नव्हतं हो, देवाशपथ! मला ओरडायचं होतं, पण माझं बटण कोणी दाबल्याशिवाय मला आवाज फुटत नाही.

"उभी काहून राहिली? दे न!" म्हणत मार्तंडराव वळले. बायकोचे डोळे पाहिले आणि स्टुलावरून उडीच टाकली. आधी तिला धरायला धावले, मग काय सुचलं कोण जाणे, भिंतीकडे गेले आणि दोन्ही हातांनी माझी वायर ओढून बोर्डातून उपटली.

रुख्मिणीबाई फरशीवर पडल्या. मी त्यांच्या शेजारी पडलो. मार्तंडराव तिला हलवत नुसते म्हणत होते, "बोल न वं. बोल न. शिव्या दे मले." बऱ्याच वेळानं रुख्मिणीबाईंनी श्वास घेतला.

दवाखान्यातून त्या नवव्या दिवशी आल्या. उजव्या हाताची दोन बोटं भाजून आखडली होती, ती पुन्हा सरळ झाली नाहीत. मार्तंडराव मला विहिरीत टाकायला निघाले.

"तिचा काय दोष?" रुख्मिणीबाई म्हणाल्या. "ते तर तीन पाय घेऊन आली होती."

त्या घरात मला समजून घेणारं माणूस तेवढं एकच. मार्तंडराव तिथेच पायरीवर बसून रडले.

मग मी दुरुस्त झालो, हिरव्या तारेसकट तीन पायांची पिन परत लागली. घरात तीनचा बोर्ड आला. त्याच्या अर्थिंगसाठी अंगणात खोल खड्डा करून तांब्याची पट्टी पुरली, कोळसा अन् मीठ घातलं. उन्हाळ्यात तिथली माती कोरडी पडू नये म्हणून मार्तंडराव रोज सकाळी लोटाभर पाणी ओततात. गल्लीतल्या बायकांना वाटतं, हे भक्तीला लागले.

याला सहा वर्षं झाली. परवा शेजारचा श्रीधर मला मागायला आला. रुख्मिणीबाईंनी दारातूनच विचारलं, "घरी बोर्ड तीनचा हाय का?"

"नाही, काकू. पण तिसरा पाय जास्तीचाच असते. चालते तसंच."

तेच शब्द! अंगणात पाणी ओतणाऱ्या मार्तंडरावांचा लोटा अर्ध्यावरच थांबला.

रुख्मिणीबाई बाहेर आल्या आणि उजवा हात त्याच्यासमोर धरला.

"मंग हे दोन बोटं बी जास्तीचेच होते का गा?"

श्रीधर खाली मान घालून गेला. मार्तंडरावांनी उरलेलं पाणी खड्ड्यात ओतलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

तर मंडळी, दुकानात जाल तेव्हा माझं वजन पाहून भुलू नका. शेजारच्या हलक्यालाही हसू नका, त्याची मी मनापासून माफी मागतो. निघण्याआधी आपल्या घरच्या बोर्डाची भोकं तेवढी मोजून जा.